नोंद एक, आज्ञावल्या अनेक : व्यवसायोपयोगी आज्ञावल्यांतील फाइलव्याख्येच्या एकवाक्यतेचा प्रश्न

डिचोली तालुक्यातील वाणिज्य अथवा संगणक शाखेच्या विद्यार्थ्याला व्यवसायाचे उदाहरण शोधण्यासाठी पाठ्यपुस्तकातील काल्पनिक दुकानात जाण्याची गरज नसते. लोहखनिजाची वाहतूक त्याने स्वतः पाहिलेली असते, निदान घरातील मोठ्यांकडून ऐकलेली तरी असते. खाणीवर ट्रक भरतो, वजनकाट्यावर चढतो, भरलेल्या ट्रकाच्या वजनातून रिकाम्या ट्रकाचे वजन वजा होते, ट्रिपशीट तयार होते, ट्रक नदीकाठच्या धक्क्यावर माल ओततो आणि तेथून बार्ज मुरगाव बंदराकडे निघते. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या, पुढे काही काळ सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. डिसेंबर २०२२ मध्ये ज्या पहिल्या खाणपट्ट्यांचा लिलाव झाला त्यांत डिचोलीचा समावेश होता. या साऱ्या चढउतारांत ट्रकमालकांची कर्जे, कामगारांचे पगार आणि सरकारचा महसूल गुंतलेला होता. आणि हिशेब कोणाचाही असो, त्याचा आरंभ काट्यावर टिपलेल्या एका ओळीपासूनच होत असे.

ती ओळ एकच असली तरी तिचा वापर अनेक ठिकाणी होतो. काट्यावरील आज्ञावली ती लिहिते. ट्रकमालकाचे भाडे काढणारी आज्ञावली ती वाचते, रॉयल्टीचा हिशेब करणारी वाचते, धक्क्यावरील साठा सांगणारीही वाचते. या चार आज्ञावल्या बहुधा एका हाताने लिहिलेल्या नसतात. कित्येकदा एका वर्षातही लिहिलेल्या नसतात. अशा वेळी ‘ही ओळ म्हणजे नेमके काय’ याचे उत्तर चौघांकडे एकच असेल याची खात्री कोण देणार, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आपल्या प्रयोगशाळांत या प्रश्नाला स्थानच नाही. विद्यार्थी पहिल्या आठवड्यात नोंदी लिहिणारी आज्ञावली तयार करतो, तिसऱ्या आठवड्यात वेतनपत्रकाची आणि पाचव्या आठवड्यात अहवालाची. प्रत्येक वेळी तो फाइलीची व्याख्या नव्याने लिहितो, प्रत्येक प्रात्यक्षिकाला स्वतंत्र गुण मिळतात आणि पाचव्या आठवड्यातील आज्ञावली पहिल्या आठवड्यातील फाइल वाचू शकते काय, हे कोणी विचारत नाही. नोकरीत मात्र त्याला पहिल्याच दिवशी दुसऱ्याची फाइल वाचावी लागते.

एका ओळीची चार वाचने

समजा, काट्यावरील संगणक प्रत्येक फेरीची नोंद पुढीलप्रमाणे साठवतो :

१५०३०९जीए०४टी१२३४१०२५०००७

येथे ‘जीए’ ही रोमन लिपीतील दोन अक्षरे आणि ‘टी’ हे एक अक्षर समजावे, म्हणजे ओळीत एकंदर २३ चिन्हे होतात. रकान्यांच्या मध्ये रेघ नाही, स्वल्पविराम नाही, मोकळी जागाही नाही. कोबोल भाषेत लिहिलेल्या व्यवस्थांतील फाइली बहुधा अशाच असतात. कोणता रकाना कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे फाइल सांगत नाही. ते आज्ञावलीला ठाऊक असावे लागते. काट्यावरील आज्ञावलीत ते असे लिहिले आहे :

०१ फेरी-नोंद.
०५ दिनांक पिक ९(६).
०५ वाहन-क्रमांक पिक एक्स(९).
०५ निव्वळ-वजन पिक ९(५).
०५ खाण-संकेत पिक एक्स(३).

‘९’ म्हणजे अंक, ‘एक्स’ म्हणजे कोणतेही चिन्ह आणि कंसातील आकडा ही रकान्याची लांबी. त्यानुसार ओळीचा अर्थ असा होतो : १५ मार्च २००९, डिचोलीत नोंदलेला (जीए-०४) ट्रक, निव्वळ वजन १०,२५० किलो, खाण क्रमांक ००७. भरलेला ट्रक १६,२०० किलो, रिकामा ५,९५० किलो. वजाबाकी बरोबर आहे.

आता भाड्याची आज्ञावली लिहिणाऱ्याने असा विचार केला की नव्या गाड्यांच्या मालिकेत दोन अक्षरे येतात, म्हणून वाहन क्रमांकाला दहा जागा हव्यात. विचार चुकीचा नाही. त्याने आपल्या आज्ञावलीत वाहन-क्रमांक ‘एक्स(१०)’ असा लिहिला आणि काट्यावरील आज्ञावलीकडे पाहिले नाही. आता त्याच्या आज्ञावलीला वाहन क्रमांक ‘जीए०४टी१२३४१’ असा दिसतो, वजनाच्या जागी ‘०२५००’ येते आणि खाण-संकेताच्या जागी ‘०७’ व पुढे रिकामी जागा. आज्ञावली थांबत नाही, कारण वजनाच्या जागी पाचही अंकच आहेत. सव्वादहा टन माल वाहणाऱ्या ट्रकमालकाला अडीच टनाचे भाडे निघते.

ही चूक लवकर सापडेल, कारण ज्याचे नुकसान झाले तो दुसऱ्याच दिवशी कार्यालयात येऊन उभा राहील. ज्या चुकीत कोणाचे तत्काळ नुकसान होत नाही तीच अधिक घातक असते. रॉयल्टीच्या आज्ञावलीत लांबी बरोबर पाच आहे, पण वजन टनांत हवे म्हणून तेथे ‘पिक ९९९व्ही९९’ असे लिहिले गेले. ‘व्ही’ हे चिन्ह दशांशाची जागा दाखवते. फाइलीत त्याला स्वतःची जागा नसते. ‘१०२५०’ हेच पाच अंक ‘९९व्ही९९९’ म्हणून वाचले तर १०.२५० टन होतात आणि ‘९९९व्ही९९’ म्हणून वाचले तर १०२.५० टन. एका ट्रकात शंभर टन माल, असे तोंडी सांगितले तर काट्यावरचा मुलगाही हसेल. तोच आकडा महिन्याच्या बेरजेत मिसळला की कोणाला काही वाटत नाही.

चौथे वाचन दिनांकाचे. काट्यावर ‘१५०३०९’ म्हणजे दिवस, महिना, वर्ष. साठ्याची आज्ञावली लिहिणाऱ्याला मात्र वर्ष प्रथम लिहिण्याची सवय होती, कारण त्यामुळे नोंदी कालक्रमाने सहज लावता येतात. त्याच्या वाचनात हा दिवस ९ मार्च २०१५ ठरतो. दोन्ही दिनांक कॅलेंडरमध्ये आहेत, तेव्हा ‘दिनांक अवैध’ असा संदेश येण्याचा प्रश्नच नाही. आणि हा फरक केवळ कागदावरचा नाही. १३ ऑगस्ट २००९ पूर्वी लोहखनिजावरील रॉयल्टी प्रतीनुसार प्रतिटन ठराविक रुपये अशी होती. त्या दिवसापासून ती किमतीच्या १० टक्के झाली आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५ टक्के. पहिल्या वाचनात एक नियम लागू होतो, दुसऱ्या वाचनात दुसराच.

या चारही आज्ञावल्या स्वतंत्रपणे तपासल्या तर एकीतही दोष सापडत नाही. चारही कंपाइल होतात. प्रत्येकीच्या लेखकाने स्वतः तयार केलेल्या नमुना फाइलीवर ती अचूक उत्तर देते. दोष आहे तो चौघींच्या मधल्या जागेत, आणि ती जागा कोणाच्याही ताब्यात नव्हती.

व्याख्या आज्ञावलीबाहेर कशी आली

मे १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने पेंटागॉनमध्ये जी बैठक झाली तिच्यातून कोबोलचा जन्म झाला. व्यवसायाच्या कामात आकडेमोड साधी आणि नोंदी मात्र अवाढव्य, हे तिच्या कर्त्यांनी ओळखले होते. ग्रेस हॉपर यांच्या ‘फ्लो-मॅटिक’ या आधीच्या भाषेत माहितीचे वर्णन आणि कृतीच्या आज्ञा वेगळ्या ठेवलेल्या होत्या. तोच विचार कोबोलमध्ये ‘डेटा डिव्हिजन’ या स्वतंत्र विभागाच्या रूपाने आला. माहिती काय आहे हे एका जागी सांगायचे आणि तिचे काय करायचे हे दुसऱ्या जागी.

परंतु हा विभागही प्रत्येक आज्ञावलीच्या आतच होता. पन्नास आज्ञावल्या म्हणजे पन्नास डेटा डिव्हिजन. त्यावर उपाय म्हणून ‘कॉपी’ ही सोय आली; १९६८ च्या अमेरिकन मानकात ती समाविष्ट आहे. नोंदीची व्याख्या एका स्वतंत्र फाइलीत ठेवायची, आणि आज्ञावलीत त्या जागी फक्त ‘कॉपी’ आणि त्या फाइलीचे नाव एवढेच लिहायचे. कंपाइलर तो मजकूर तेथे आणून बसवतो. या सामायिक फाइलीला धंद्यात ‘कॉपीबुक’ म्हणतात. वर दिलेल्या पाच ओळी कॉपीबुकमध्ये असत्या तर वाहन क्रमांक नऊ जागांचा की दहा जागांचा, हा वाद चौघांना एकत्र बसून मिटवावा लागला असता. एकट्याने तो सोडवताच आला नसता. एकाच आज्ञावलीत तीच नोंद दोनदा लागली, उदाहरणार्थ जुनी फाइल आणि नवी फाइल, तर ‘रिप्लेसिंग’ वापरून नावांचे उपसर्ग बदलता येतात. त्यासाठी व्याख्येची दुसरी प्रत काढण्याचे कारण नाही. सी भाषेतील हेडर फाइलही हेच काम करते.

आयबीएमच्या मध्यम आकाराच्या यंत्रांत, १९७८ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम/३८ पासून, फाइलीचे वर्णन फाइलीबरोबरच यंत्रात ठेवले जाऊ लागले आणि आज्ञावली ते तेथून घेऊ लागली. आपल्याकडील लहान कार्यालयांत १९९० च्या दशकात पसरलेल्या फॉक्सप्रोची डीबीएफ फाइलही आपल्या आरंभी रकान्यांची नावे, प्रकार, लांबी आणि दशांशस्थळे बाळगते. रुंदी सरकण्याची चूक तेथे होत नाही. मात्र रकान्याच्या नावाला दहाच अक्षरे मिळत असल्याने ‘वजन’ कोणते, भरलेले की निव्वळ, हे नावावरून कळेनासे होई. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रतिमानातून पुढे आलेल्या डेटाबेस व्यवस्थांत हे सारे वर्णन मध्यवर्ती सूचीत असते आणि सर्व आज्ञावल्या तिचाच आधार घेतात.

मग प्रश्न सुटला काय? डेटाबेसमधून माहिती बाहेर पडते तेव्हा ती बहुधा स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकूर फाइलीच्या, म्हणजे सीएसव्हीच्या रूपात पडते, आणि सीएसव्ही फाइल रकान्याचा प्रकार सांगत नाही. गोव्यातील जमिनीच्या ‘एक-चौदा’च्या उताऱ्यावर सर्वे क्रमांक आणि त्याचा पोटविभाग असतो. ‘१२/३’ असा क्रमांक असलेली फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडली की ती त्याचा दिनांक करून टाकते; १२ मार्च किंवा ३ डिसेंबर, जशी त्या संगणकाची मांडणी असेल तसा. खाण क्रमांक ‘००७’ चा नुसता ‘७’ होतो. फाइल तशीच साठवली तर मूळ मजकूर परत मिळत नाही. पन्नास वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न अशा रीतीने मागच्या दाराने परत येतो.

लांबी जुळली, अर्थ जुळला नाही

आतापर्यंतची चर्चा लांबी आणि प्रकार यांची झाली. अध्यापनात बहुधा येथेच थांबले जाते, आणि ते पुरेसे नाही. खनिजाच्या धंद्यातील ‘टन’ हा शब्द पाहावा. काट्यावर जे तोलले जाते ते ओले खनिज असते. खरेदीदार पाण्याचे पैसे देत नाही. त्याचा हिशेब ओलावा वजा करून होतो. शंभर टन खनिजात आठ टक्के ओलावा असेल तर कोरडे वजन ९२ टन. यातही निर्यातीच्या जुन्या व्यवहारांत ‘लाँग टन’ वापरला जाई, आणि तो मेट्रिक टनाहून मोठा, सुमारे १,०१६ किलोचा असतो. त्या मापाने तोच ढीग ९०.५५ टन भरतो. एकाच ढिगाचे शंभर, ब्याण्णव आणि साडेनव्वद असे तीन आकडे झाले. तिन्ही खरे, आणि तिन्ही फाइलींत रकान्याचे नाव मात्र ‘टन’, प्रकार अंक, लांबी सारखीच. खाणीवरचे उत्पादन आणि बंदरावरील निर्यात यांच्या बेरजा कोणी शेजारी शेजारी ठेवल्या तर तफावत दिसणारच. त्या तफावतीतील किती भाग मापाचा, किती भाग मधल्या साठ्याचा आणि किती भाग खोट्या नोंदींचा, हे ठरवायचे तर प्रथम मापाचा भाग वेगळा काढता आला पाहिजे. मापाची व्याख्या कोठेच लिहिलेली नसेल तर अप्रामाणिक माणसाला तिच्याआड लपता येते आणि प्रामाणिक माणसाला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करता येत नाही. खाणी बंद असताना आधीच काढून ठेवलेल्या खनिजाची मोजदाद करून ई-लिलाव करण्यात आले. अशा कामात जुन्या फाइलीतील ‘टन’ कोणता, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

मापाच्या अशाच गोंधळाने एक अंतराळयान गमावले गेले. अमेरिकेने डिसेंबर १९९८ मध्ये सोडलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचले आणि नष्ट झाले. कारण यानावर नव्हते, पृथ्वीवरच्या दोन आज्ञावल्यांत होते. एक आज्ञावली यानाच्या लहान इंजिनांच्या रेट्याची फाइल तयार करी आणि दुसरी ती वाचून मार्ग काढी. पहिलीने आकडे पौंडाच्या मापात लिहिले, दुसरीने ते न्यूटनच्या मापात वाचले. दोन्हींत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. अध्यापकांनी येथे एक गोष्ट आवर्जून सांगावी : त्या फाइलीची लेखी व्याख्या अस्तित्वात होती आणि तिच्यात मेट्रिक माप स्पष्ट नमूद होते. ती पाळली गेली की नाही, हे तपासले गेले नव्हते. कपाटातील दस्तऐवज आणि चालू आज्ञावली यांच्यात दुवा नसेल तर दस्तऐवज कितीही चांगला असो, त्याचा उपयोग नाही.

अचूकतेचेही असेच. लोहाचे प्रमाण प्रयोगशाळेत ५७.९६ टक्के आले आणि तेथील फाइलीत तसेच नोंदले गेले. विक्रीच्या फाइलीत या रकान्याला दोनच अंक आहेत. तेथे पूर्णांकात रूपांतर होऊन ते ५८ झाले. नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोकडून जाहीर होणाऱ्या सरासरी विक्रीकिमती प्रतवार असतात आणि ५८ ही त्या प्रतींमधील एक सीमारेषा आहे. २०१६ च्या अर्थसंकल्पात ५८ टक्क्यांहून कमी लोह असलेल्या खनिजावरील निर्यातशुल्क काढण्यात आले, तेथेही रेघ ५८ वरच होती. चार शतांश टक्क्याने माल एका प्रतीतून दुसऱ्या प्रतीत जातो आणि त्याबरोबर पैशाचा हिशेब बदलतो. म्हणून रकान्याच्या व्याख्येत किती दशांशस्थळे एवढे लिहून भागत नाही. उरलेला भाग पूर्णांकात वाढवायचा की सोडून द्यायचा, आणि ते कोणत्या टप्प्यावर, हेही लिहावे लागते.

नावांचा प्रश्न

डिचोलीच्या अध्यापकाला नावांच्या प्रश्नासाठी आपल्या गावाबाहेर पाहावे लागत नाही. मराठीत डिचोली, कोकणीत दिवचल, आणि सरकारी रोमन लेखनात बिचोलिम. शेजारी साखळीचे सांकेलिम आणि पेडण्याचे पेर्नेम होते. माणसाला ही एकाच गावाची नावे आहेत हे ठाऊक असते. अनुक्रम लावणाऱ्या आज्ञावलीला ती तीन गावे वाटतात आणि ती तीन बेरजा देते. देवनागरीत आणखी एक अडचण आहे. ‘डिचोली’ या शब्दात उच्चाराची अक्षरे तीन, पण काना-मात्रा-वेलांटी स्वतंत्र धरणाऱ्या युनिकोडच्या हिशेबाने चिन्हे सहा. १९९१ च्या भारतीय मानकानुसार, म्हणजे इस्कीनुसार, त्यांना सहा बाइट लागत. युटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन, म्हणजे अठरा बाइट लागतात. गावाच्या रकान्याला १५ बाइट दिले तर ‘दिवचल’ नेमके मावते आणि ‘डिचोली’चे ‘डिचोल’ होते. तेव्हा ‘लांबी १५’ असे लिहिणे अपुरे आहे; १५ चिन्हे की १५ बाइट, आणि कोणत्या संकेतप्रणालीत, हे लिहिलेच पाहिजे.

माणसांच्या नावांत हाच प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा होतो. शेख हे नाव रोमन लिपीत किमान तीन प्रकारे लिहिले जाते. गोव्यात त्यात पोर्तुगीज वळणाची भर पडते. त्या वळणात ‘श’ हा ध्वनी रोमन ‘एक्स’ने लिहितात, म्हणून केपे तालुक्यातील शेल्डे गावाचे नाव ‘एक्स’ने सुरू होते आणि जुन्या दस्तऐवजांतील शेखही ‘एक्स’खाली सापडतो. शिवाय ‘शेख’ कोणाच्या नावाच्या आरंभी येते, कोणाच्या शेवटी. ‘शेवटचा शब्द ते आडनाव’ असे गृहीत धरून लिहिलेली आज्ञावली एकाच घरातील बापलेकांना दोन आडनावांखाली घालते. प्रवेशाच्या फाइलीत एक नाव, परीक्षेच्या फाइलीत दुसरे आणि बँकेच्या खात्यावर तिसरे, अशा विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज आज्ञावलीच्या दृष्टीने तीन वेगळ्या माणसांचा असतो. तो अडकला की विद्यार्थ्याला प्रतिज्ञापत्रासाठी कचेरीत हेलपाटे घालावे लागतात. त्याचे नाव चुकलेले नसते. तीन कार्यालयांनी ‘नाव’ या रकान्याची व्याख्या तीन प्रकारे केलेली असते. नाव तोडून तीन रकान्यांत बसवण्यापेक्षा ‘पूर्ण नाव, जन्मप्रमाणपत्रात आहे तसे’ असा एकच रकाना ठेवणे आणि ओळख पटवण्याचे काम क्रमांकावर सोपवणे, हे बहुतेक ठिकाणी शहाणपणाचे ठरते.

क्रमांक तरी काळजीपूर्वक निवडावा लागतो. पिनकोड ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिचे शिल्पकार श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ आणि संस्कृतचे कवीही. सहा अंकांची ही व्याख्या साऱ्या देशात एकच असल्यामुळे ४०३५०४ म्हणजे डिचोली हे कोणत्याही भाषेच्या टपाल कर्मचाऱ्याला कळते. परंतु पिनकोड टपालवाटपाचे क्षेत्र दाखवतो, तालुका दाखवत नाही. तालुकावार अहवालासाठी तो वापरणारी आज्ञावली चालेल, उत्तर मात्र चुकेल. जीएसटी क्रमांकाची बांधणी अधिक पक्की आहे : पंधरा चिन्हे, पहिले दोन अंक राज्याचे (गोव्यासाठी ३०, महाराष्ट्रासाठी २७), पुढील दहा चिन्हे पॅनची आणि शेवटचे चिन्ह आधीच्या चौदांवरून काढलेले पडताळणीचे. टंकलेखनातील चूक बहुधा जागच्या जागी पकडली जाते, कारण तपासणीचा नियम व्याख्येतच आहे.

व्याख्या बदलते तेव्हा

व्याख्या एका जागी आणली म्हणजे ती बदलणार नाही असे नाही. २००९ चा रॉयल्टीचा बदल पाहावा. आधीच्या फाइलीत ‘दर’ या रकान्यात रुपये होते, बदलानंतर टक्के आले. कोणी जुन्याच रकान्यात १० लिहिले तर तो प्रतिटन दहा रुपये आहे की दहा टक्के, हे रकाना सांगत नाही. शिवाय टक्केवारी कशावर घ्यायची, यासाठी महिना, राज्य आणि प्रत यांनुसार किमतींची एक नवी फाइलच जोडावी लागते. अशा वेळी रकान्याचा अर्थ गुपचूप बदलू नये. नवा रकाना करावा आणि नोंदीतच ‘प्रकार’ दर्शवणारे एक चिन्ह ठेवावे. जुन्या कोबोल लेखकांची नोंदीच्या शेवटी दहावीस जागा ‘फिलर’ म्हणून मोकळ्या सोडण्याची सवय हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. वर्षाचे दोनच अंक ठेवणाऱ्यांनी मात्र अशी जागा सोडली नव्हती, आणि २००० सालापूर्वी त्याची किंमत जगभर मोजावी लागली.

कॉपीबुक बदलल्यावर ते वापरणाऱ्या सर्व आज्ञावल्या पुन्हा कंपाइल कराव्या लागतात, ही गोष्ट विद्यार्थी हमखास विसरतात. ‘कॉपी’चे काम कंपाइल होतानाच संपते, चालू आज्ञावली कॉपीबुककडे पुन्हा पाहत नाही. एक आज्ञावली राहून गेली तर ती जुन्याच मापाने नवी फाइल वाचत राहते, आणि शोधणाऱ्याला कागदावर सर्व काही जुळलेले दिसते. म्हणून कोणती आज्ञावली कोणते कॉपीबुक वापरते याची यादी ठेवणे हा व्याख्येचाच भाग मानावा.

प्रशासकीय बदलही फाइलींवर येऊन आदळतात. जानेवारी २०१५ मध्ये फोंडा तालुका उत्तर गोव्यातून दक्षिण गोव्यात गेला. ज्यांनी प्रत्येक नोंदीत जिल्ह्याचे नाव लिहून ठेवले होते त्यांच्या जिल्हावार बेरजा त्या वर्षी अकारण घसरल्या आणि चढल्या. तालुक्याचा संकेत नोंदीत आणि ‘कोणता तालुका कोणत्या जिल्ह्यात, केव्हापासून’ हे वेगळ्या फाइलीत, अशी विभागणी असेल तर एक ओळ वाढवून काम भागते.

वर्गात काय करता येईल

महागड्या साधनांची गरज नाही. साधी वही आणि प्रयोगशाळेत असेल ती भाषा पुरते. वर्गाचे चार गट करावेत : काटा, भाडे, रॉयल्टी आणि धक्क्यावरील साठा. प्रथम चौघांना व्याख्या न देता केवळ तोंडी वर्णन सांगावे आणि काट्याच्या गटाची फाइल इतर तिघांना वाचायला लावावी. उत्तरे फळ्यावर मांडली की पुढील व्याख्यानाची निम्मी गरज संपते.

नंतर चारही गटांनी मिळून वहीत माहितीकोश लिहावा. निव्वळ वजनाची त्यातील नोंद साधारणपणे अशी होईल : खाणीच्या काट्यावर मोजलेले, भरलेल्या ट्रकाच्या वजनातून त्याच दिवशी घेतलेले रिकाम्या ट्रकाचे वजन वजा करून आलेले ओले वजन, माप किलो, पाच अंक, दशांश नाही, शून्याहून अधिक आणि मोठ्यात मोठ्या ट्रकाच्या क्षमतेहून कमी, लिहिणारी आज्ञावली काट्याची एकटीच, वाचणाऱ्या तीन. ‘त्याच दिवशी’ या दोन शब्दांवर विद्यार्थ्यांत वाद होईल, कारण रिकाम्या ट्रकाचे वजन एकदाच घेऊन वर्षभर वापरणे सोयीचे असते. तो वाद होऊ द्यावा. फाइलीची व्याख्या म्हणजे धंद्याच्या नियमाची व्याख्या, हे त्यातूनच त्यांच्या ध्यानात येते.

फाइलीच्या शेवटी एक अखेरची नोंद सक्तीची करावी, जिच्यात एकंदर नोंदींची संख्या आणि वजनांची बेरीज असेल. वाचणाऱ्या आज्ञावलीने आपली बेरीज तिच्याशी ताडून पाहावी आणि जुळली नाही तर काम पुढे नेऊ नये. रकाना एका जागेने सरकल्याची किंवा दशांश चुकल्याची वर सांगितलेली चूक या एका तपासणीत पकडली जाते. दिनांकाची आणि मापाची चूक तिला सापडत नाही, हेही सांगावे. गुण देताना प्रत्येक आज्ञावलीला स्वतंत्र गुण न देता चौघांचा आकडा जुळला तरच अखेरचे निम्मे गुण द्यावेत.

पाचव्या आठवड्यात अध्यापकाने पूर्वसूचना न देता जाहीर करावे की आजपासून वाहन क्रमांक दहा चिन्हांचा आहे. प्रत्येक गटाला किती ठिकाणी दुरुस्ती करावी लागली ते फळ्यावर लिहावे. ज्यांनी व्याख्या एका जागी ठेवली त्यांची दुरुस्ती एका ओळीत होईल. परंतु चारही आज्ञावल्या पुन्हा कंपाइल करणे आणि चार आठवड्यांच्या जुन्या नोंदी नव्या मापात आणणे हे काम त्यांनाही चुकणार नाही. त्यासाठी सलग दुसरी तासिका आधीच राखून ठेवावी, आणि जुन्या फाइलीची प्रत काढल्याशिवाय कोणालाही रूपांतर सुरू करू देऊ नये.